दाराच्या आतला शब्द

टकळीला टकळी हे नाव पडून जेमतेम आठ महिने झाले होते. त्याआधी चार गावांतल्या चार शाळांत तिला सगळे "ती नवीन मुलगी" म्हणायचे, आणि नवीन मुलगी कधी बोलत नसते. ती शेवटच्या बाकावर बसते, डबा भिंतीकडे तोंड करून खाते आणि वर्गात जरा ओळखी व्हायला लागल्या की तिचं सामान टेंपोत चढतं. पाचव्या गावात मात्र काय झालं देव जाणे. नववीच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी "कोण सांगेल?" असं विचारलं आणि हिचा हात आपला आपण वर गेला. वर गेला तो खाली यायचं नावच घेईना. महिन्याभरात तोंडाचा पट्टा असा सुटला की बाबा म्हणाले, "चौदा वर्षांचं साठवलेलं बोलतेय. बोलू दे. मध्ये थांबवलं तर तुंबेल."

तर या टकळीची आई बोर्ड रंगवायची. दुकानांचे, दवाखान्यांचे, सलूनचे, एकदा तर एका बोटीचासुद्धा. अक्षरं आई काढायची आणि उरलेलं सगळं बाबा करायचे. म्हणजे शिडी धरणं, ब्रश धुणं, रंग ढवळणं, गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून ठेवणं आणि आईच्या अंगावर कोणी खेकसलं तर मध्ये जाऊन उभं राहणं. आईचं अक्षर बघून लोक थबकायचे. पण गावात फ्लेक्स छापणारं मशीन आलं की वर्षभरात काम आटायचं आणि टेंपो ठरवायची वेळ यायची. चार गावांत चारदा तसंच झालं होतं.

या गावातही मशीन आलं होतंच. फरक एवढाच, की इथल्या नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंना फ्लेक्सचा भयंकर तिटकारा होता. मागे वादळात एक फ्लेक्स फाटून थेट त्यांच्या डोक्यावर येऊन गुंडाळला गेला होता, आणि फ्लेक्सवर त्यांचाच फोटो होता. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की नगरपालिकेचा स्वतःचा रंगारी हवा, कायमचा, पगारी. गल्ल्यांची नावं, बागांचे बोर्ड, नळांवरच्या सूचना, सगळं हातानं रंगवून घ्यायचं.

"नगरपालिकेला नवीन काचेचं दार बसतंय," अध्यक्षबाई आईला म्हणाल्या. "त्यावर एक इंग्रजी शब्द काढून द्या. बाहेरगावचे लोकही वाचतील असा. ते काम बघून मग नेमणुकीचं बघू."

आई घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "दार जमलं तर राहायचं. नाही जमलं तर तुझ्या काकांना पत्र टाकायचं, त्यांच्या गावात खोली बघा म्हणून."

टकळीच्या डोळ्यांपुढे टेंपोच उभा राहिला. सहावं गाव! पुन्हा शेवटचा बाक! आता कुठे तिचं तोंड उघडलं होतं, आणि ते या गावात उघडलं होतं. सामानाबरोबर ते टेंपोत चढेल याची काय खात्री?

शब्द कुठला काढायचा हे शाळेवर सोपवलं होतं. नगरपालिकेचे हेडक्लार्क स्वतः वर्गात आले होते. त्यांना सगळं गाव शिक्केसाहेब म्हणायचं, कारण त्यांच्या हाताखालून शिक्का न बसता मांजरसुद्धा गेलं नसतं. ते म्हणाले, "गावात राहणाऱ्या लोकांना इंग्रजीत काय म्हणतात, ते एका शब्दात. शनिवारपर्यंत." मग स्वतःच म्हणाले, "सिटिझन्स असं लिहाल तर बरं. उगाच डोकं लावू नका."

आता डोकं लावू नका म्हटल्यावर टकळी गप्प बसते होय? सलग तीन दिवस दुपारी ती वाचनालयात ठाण मांडून बसली. तिथे उशीएवढी जाड एक डिक्शनरी होती. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे त्याची कुळी दिलेली असायची, म्हणजे तो कुठून निघाला, कुणाकुणाच्या घरी राहून आला आणि वाटेत त्याचं काय काय झालं. टकळी हरखून गेली. शब्दांनीसुद्धा इतकी गावं बदललेली असतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं!

जेवताना तिनं ताट बाजूला सारलं. "बाबा, ऐका. बर्गर!"

"आणलास? कुठाय?"

"खायचा नाही हो! बर्गर म्हणजे गावचा प्रतिष्ठित माणूस. बर्ग म्हणजे तटबंदीची जागा. तटाच्या आत राहतो तो बर्गर. आणि टाउन आहे ना, ते मुळात नुसतं कुंपण होतं. कुंपण! मग कुंपणाच्या आतली जागा, मग वाडी, मग गाव."

"म्हणजे ज्याला त्याला आधी भिंत घालायचीच घाई," आई पोळी वाढत म्हणाली.

"आणि व्हिलन कोण माहितीये? शेतावर राबणारा साधा माणूस! व्हिला म्हणजे मळा, मळ्यावरचा तो व्हिलन. त्यानं काहीसुद्धा केलं नव्हतं. मोठ्या लोकांनी त्याला गावंढळ म्हणून हिणवून हिणवून शेवटी खलनायक करून टाकलं."

"बिचारा," बाबा म्हणाले. "आणि आपल्याला काय म्हणायचं? आपण ना तटातले ना मळ्यावरचे. टेंपोतले."

टकळी एकदम गप्प झाली. एवढी, की आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. पण तिला ताप नव्हता. तिला एक शब्द सापडला होता आणि तो तिनं कोणालाच सांगितला नव्हता. डेनिझन, म्हणजे रहिवासी. खूप जुन्या फ्रेंचमध्ये 'आतला' असा त्याचा अर्थ, आणि त्याच्याही मागे लॅटिन, 'आतून'. त्याच्या विरुद्ध फॉरिनर. त्याची कुळी दारापाशी जाते, म्हणजे दाराबाहेरचा तो फॉरिनर. इथपर्यंत ठीक. पण पुढे डिक्शनरीत जे होतं ते वाचून टकळी खुर्चीवरून पडायची बाकी होती. पुढे इंग्लंडात बाहेरून आलेल्या माणसाला राजा पत्र देऊन आत घ्यायचा, आणि त्या माणसाला म्हणायचे डेनिझन! म्हणजे जो शब्द आतल्यांचा होता, तोच आत घेतलेल्यांचा झाला.

शनिवारी तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं, डेनिझन्स. आपल्या मनातलं कारण मात्र लिहिलं नाही. वशिला लावल्यासारखं वाटलं असतं. अध्यक्षबाईंना शब्द नवा वाटला, म्हणून त्यांनी तो उचलला. शिक्केसाहेबांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून शिक्का मारला.

आता दाराचं काम कसं होतं, ते सांगायला हवं. काचेवरची अक्षरं नेहमी आतल्या बाजूनं रंगवतात, म्हणजे ऊनपाऊस लागत नाही. पण ती आतून उलटी काढावी लागतात, तेव्हा कुठे बाहेरून सुलटी दिसतात. आईची रीत ठरलेली होती. आधी कागदावर पेन्सिलीनं सरळ अक्षरं काढायची. त्यांच्या कडेकडेनं टाचणीनं भोकं पाडायची. हा झाला खाका. मग पेन्सिलीची बाजू काचेकडे करून खाका पालथा चिकटवायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. भोकांतून भुकटी काचेवर उतरते, अक्षरं आपोआप उलटी उमटतात, आणि मग ब्रश चालवायचा.

या वेळी खाका टकळीनं काढला. पहिल्यांदाच. "शब्द माझा आहे ना, मग खाका पण मीच काढणार," म्हणून ती हटून बसली आणि आईनं चक्क हो म्हटलं. दोन संध्याकाळी जीभ दाताखाली धरून तिनं काम केलं. आणि आपण किती तयार झालोय हे दाखवायला एक पाऊल पुढे गेली: आरशात बघून बघून तिनं अक्षरं कागदावरच उलटी काढली. आईचा तेवढाच त्रास वाचेल! सांगायचं मात्र राहून गेलं. दिवसभर हजार गोष्टी सांगणारी मुलगी नेमकी तीच एक विसरली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना आईनं सुताराच्या कारखान्यात काच आडवी टाकून रंगकाम केलं. तिनं सवयीप्रमाणे पेन्सिलीची बाजू काचेकडे केली, पुरचुंडी थोपटली आणि एकेक अक्षर उघडं ठेवून बाकीची काच वर्तमानपत्रानं झाकली. आईचा एक नियम होता, रंगवताना वाचायचं नाही, रेघ बघायची. वाचायला गेलं की डोळा अर्थाकडे धावतो आणि हात घसरतो. त्यात इंग्रजीशी तिची ओळख रस्त्यात दिसलं तर हसण्यापुरतीच. रंग वाळल्यावर बाबांनी जुन्या चादरीत दार गुंडाळलं आणि सुताराच्या गाडीत चढवलं.

सोमवारी सकाळी आठला सुतारानं दार बसवलं. दहाला उद्घाटन. त्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून बाबांनी झोकात चादर ओढली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

पिवळीधमक, गोलाई कुठे चेपलेली नाही, रेघ कुठे हललेली नाही, अशी देखणी अक्षरं रस्त्याकडे पाठ करून उभी होती. शब्द उजवीकडून डावीकडे चालला होता.

"हे काय आहे?" शिक्केसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे काय आहे म्हणतो मी!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "असं होणारच नाही. मी खाका पालथा लावला होता. वीस वर्षं लावतेय."

टकळीनं आईची बाही धरली. "आई... मी आधीच पालथा काढला होता."

आईनं तिच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पिशवीतून रंग खरवडायचं पातं काढलं.

"खरवडा," शिक्केसाहेब म्हणाले. "कोरी काच राहू दे. दहापर्यंत नवीन तर होणार नाही. आणि नेमणुकीचं म्हणाल तर... आता मी काय बोलू? अध्यक्षबाईंना काय सांगायचं ते मी सांगतो."

"साहेब, अक्षर तरी बघा काय उतरलंय," बाबा म्हणाले.

"बघितलं. आरशात बघितल्यावर फारच छान दिसेल."

आई दार ढकलून आत गेली, कारण खरवडायचं आतूनच होतं. टकळी तिच्यामागे धावली. दार मिटलं, आणि टकळी जागच्या जागी थिजली.

आतून शब्द सरळ होता. सकाळचं ऊन थेट काचेवर आलं होतं, पिवळी अक्षरं दिव्यासारखी पेटली होती, आणि त्यांच्यामागे अख्खा रस्ता दिसत होता, पाववाला, दूधवाली, शाळेची पोरं, सायकल ढकलत चाललेले पोस्टमन. सगळ्यांच्या अंगावरून तो शब्द वाचता येत होता.

"आई, थांब."

"बाजूला हो, ग."

"आई, पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं! मग मी स्वतः खरवडते, माझ्या नखांनी खरवडते, पण थांब!"

बाहेर पायऱ्यांवर गिरणीवाल्या आजी उभ्या होत्या. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून त्या काचेकडे बघत होत्या. टकळीनं दार उघडून त्यांचा हातच धरला.

"आजी, आत या."

"मला नाही बाई काही काम आत. मी आपली बघत होते, हे लिहिलंय तरी काय."

"ते बाहेरून नाही वाचता येत. आत यावं लागतं."

"आत? मी चाळीस वर्षांत आत आलेली नाही. दाखला मुलगाच आणतो."

"मग आज याच!"

आजी आल्या. टकळीनं त्यांना वळवून दाराकडे तोंड करून उभं केलं आणि तिची टकळी सुरू झाली. हा शब्द गावात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याचा अर्थच मुळी 'आतले' असा आहे. तटाच्या आतले नव्हेत हं, ते वेगळे, ते बर्गर. हे नुसते आतले. आणि दाराबाहेर राहील तो फॉरिनर.

"म्हणजे मघाशी मी फॉरिनर होते?" आजी खुदकन हसल्या. "आणि आता?"

"आता डेनिझन!"

"अगं बाई!" आजींनी दार किलकिलं करून बाहेर हाक मारली, "अहो पोस्टमन! बाहेर काय उभे राहिलात फॉरिनरसारखे? आत या!"

मग काय विचारता! पोस्टमन आले, त्यांच्यामागून दूधवाली आली, दूधवालीचं काय चाललंय बघायला पाववाला आला, पाववाल्याचे पैसे द्यायचे राहिलेली दोन गिऱ्हाइकं आली. शाळेची पोरं तर लोंढ्यानं आली आणि पुन्हापुन्हा बाहेर जाऊन आत येऊ लागली. "फॉरिनर! डेनिझन! फॉरिनर! डेनिझन!" शिक्केसाहेब "रांग करा, रांग करा" म्हणत फिरत होते, पण रांग कशाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. टकळी आता बाकावर चढली होती आणि तिच्या तोंडाला उसंत नव्हती. व्हिलनची बिचाऱ्याची गोष्ट सांगून झाल्यावर शेतावरून भाजी घेऊन आलेला एक गडी एवढा खूश झाला, की "मी व्हिलन, मी व्हिलन" म्हणून सगळ्यांशी हात मिळवत सुटला.

दहाला पाच कमी असताना अध्यक्षबाई आल्या. उद्घाटनाला पायऱ्यांवर गर्दी असेल या हिशेबानं त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, आणि पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. होते ते फक्त बाबा, हातात चादर घेऊन. अध्यक्षबाईंनी उलटी अक्षरं बघितली. मग काचेतून आतली जत्रा बघितली. दार ढकलून आत आल्या, मागे वळल्या आणि त्यांनी शब्द वाचला.

"हे कोणी केलं?"

पोरं दारातच थांबली. आईच्या हातात अजून पातं होतं. शिक्केसाहेबांनी घसा खाकरला. "बाई, मी सांगणारच होतो..."

"हे असं आतून वाचायचं, ही कल्पना कोणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मुद्दाम केलंत?"

दारातून बाबा टकळीला डोळ्यांनी खुणावत होते. हो म्हण, हो म्हण! एवढं सोपं होतं. एक होकार, आणि टेंपो कायमचा गेला असता. टकळीनं बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. वीस वर्षं पालथे खाके लावणाऱ्या हाताकडे बघितलं. त्या हाताचं काम खोट्याच्या टेकूवर उभं करायचं?

"नाही," ती म्हणाली. आवाज जरा चिरका आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "नाही. चुकलं. चूक माझी आहे, आईची नाही. आईनं अगदी बरोबर रंगवलं. मी शहाणपणा करून खाका उलटा काढला आणि सांगितलं नाही. शब्द मात्र मी मुद्दाम निवडला. तोही जरा स्वार्थानंच."

"स्वार्थानं?"

"म्हणजे... तो शब्द आधी आतल्यांसाठी होता. मग बाहेरून आलेल्या माणसांना राजानं आत घेतलं, तर त्यांनाही तोच लागू झाला. आम्ही पाचव्या गावातून... म्हणजे हे आमचं पाचवं गाव आहे. मला वाटलं, दारावर तो असला, तर निदान मला तरी रोज दिसेल."

 गिरणीवाल्या आजींनी पदरानं नाक पुसलं, त्यानं नाकाला पीठ लागलं आणि त्या शिंकल्या. त्या शिंकेवर सगळी गर्दी हसली.

अध्यक्षबाईही हसल्या. "सहा वर्षं मी नोटिसा काढतेय, नागरिकांनी नगरपालिकेत यावं, चौकशी करावी, आपलं ऑफिस समजावं म्हणून. एक कुत्रं फिरकत नाही. आणि आज उद्घाटनाला मलाच उभं राहायला जागा नाही." त्या आईकडे वळल्या. "ते पातं आत ठेवा आधी. बघून भीती वाटते. अक्षर सुंदर आहे तुमचं. ते तसंच राहील."

"पण बाहेरून उलटं दिसतंय, बाई," आई पुटपुटली. "माझं नाव खराब होईल."

"बाहेरून दुसरं काहीतरी काढा. आपल्या भाषेत. काय काढाल?"

आईनं क्षणभर विचार केला. "आत या," ती म्हणाली. "ठळक. आणि खाका मी काढेन."

"चालेल. उद्या काढा, परवापासून गल्ल्यांची नावं सुरू करा. साहेब, नेमणुकीचा फॉर्म आणा."

शिक्केसाहेब फॉर्म घेऊन आले, टेबलाशी बसले आणि आईला रकान्यारकान्यानं विचारू लागले. हस्ताक्षर चांगलं, हो. उंचीवर चढायची तयारी, हो. मग पेन थांबलं. "कुठल्या तुम्ही?"

या प्रश्नावर आईची नेहमीच पंचाईत व्हायची. पहिलं गाव सांगावं, की लग्नानंतरचं, की जिथं जास्त वर्षं काढली ते? ती बोटं मोजायला लागली. शिक्केसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग चष्म्यावरून दाराकडे बघितलं, आणि काही न विचारता रकान्यात लिहून टाकलं, 'इथल्याच'. वर असा दणदणीत शिक्का मारला, की शाईचा डबा उडाला.

मग इकडे तिकडे बघून ते टकळीच्या बाकाजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ए मुली. त्या तुझ्या पुस्तकात क्लार्क आहे का ग?"

"आहे की! क्लार्क म्हणजे आधी चर्चमधला धर्मगुरू."

"काय सांगतेस!"

"खरंच. त्या काळी लिहितावाचता त्यांनाच यायचं. म्हणून मग जो लिहितो वाचतो तो क्लार्क."

शिक्केसाहेबांची छाती दोन बोटं फुगली. त्यांनी कोट ओढून सरळ केला आणि पोस्टमनकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंत ना? आता जरा अदबीनं बोलत चला."

"आणि पोस्टमनचं काय?" पोस्टमन गर्दीतून ओरडले.

"आणि गिरणीचं बघ ग!"

"आणि पेंटरचं!" बाबा दारातून म्हणाले. चादर खांद्यावर टाकून ते अजून पायरीवरच उभे होते.

"एकेक सांगते, एकेक!" टकळी बाकावर टाचा उंचावून म्हणाली. "पण बाबा, तुम्ही आधी आत या बघू!"